बडोद्यात मिळणारं सोडियम अल्जिनेट: कुठली प्रत घ्यावी, कुठली दुकानातच ठेवावी

एम.फार्मच्या (औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर) प्रोजेक्टसाठी, औषध आत भरून सावकाश सोडणारं नैसर्गिक पॉलिमरचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारी जाळी) करायचं ठरलं की दहातले आठ जण समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटवर येऊन थांबतात. कारण उघड आहे. पाण्यात विरघळतं, गरम करावं लागत नाही, साखळ्या एकमेकींना जोडायला विषारी क्रॉसलिंकर लागत नाही, आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब पडला की डोळ्यांदेखत मणी तयार होतो. बडोदं म्हणजे १८९० सालचं कलाभवन आणि १९०७ सालची अलेम्बिक यांचं गाव. इथे रसायनं विकणाऱ्यांची वाण नाही. अडचण उलटी आहे. ‘सोडियम अल्जिनेट’ या एकाच नावाखाली इथे निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यातल्या दोन तरी औषध सोडण्याच्या प्रयोगाला निरुपयोगी आहेत, आणि लेबल वाचून ते कळत नाही. म्हणून हे परीक्षण कंपन्यांचं नसून प्रतींचं आहे. दुकानदार बदलला तरी प्रतीचे गुणदोष तेच राहतात.

आधी दाताच्या दवाखान्यातल्या अल्जिनेटचा निकाल लावू, कारण त्याची पाकिटं स्वस्त आणि सहज मिळतात आणि दर वर्षी कुणीतरी ती आणतंच. दाताचा साचा घेण्याच्या त्या पावडरीत अल्जिनेटच्या जोडीला कॅल्शियम सल्फेट, डायटोमेशियस अर्थ आणि ट्रायसोडियम फॉस्फेट असतं. पाणी घातलं की काही मिनिटांत ती आपोआप घट्ट होते; तेच तिचं काम. तिच्यापासून मणी करायला जाल तर सिरिंजमध्येच दगड होईल. शून्य गुण, पुढे चला.

दुसरी प्रत कापड छपाईची. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या छपाईत पेस्ट दाट करायला सोडियम अल्जिनेट वापरतात. सुरत, अहमदाबाद, जेतपूरच्या छपाईमुळे गुजरातभर हा माल पोत्यांनी फिरतो, आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या आसपासचा एखादा ट्रेडर ‘सेम टू सेम छे’ म्हणत किलोभर देऊनही टाकतो. सेम नाही. रंग फिकट तपकिरी, वास शेवाळी, विरघळल्यावर तळाशी बारीक कचरा. ते गाळून घेता आलं असतं. पण या मालात बऱ्याचदा फॉस्फेटसारखे कॅल्शियम पकडून ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात. छपाईवाल्याला ते हवेच असतात, नाहीतर पाण्यातल्या क्षारांनी त्याची पेस्ट गोठेल. तुम्हाला मात्र नेमकं तेच गोठणं हवं आहे. असा माल कॅल्शियमच्या द्रावणात टाकला की मणी मऊ, चपटे आणि चिकट होतात, आणि विद्यार्थी पॉलिमरचं प्रमाण वाढवत बसतो. दोष प्रमाणाचा नसतो.

तिसरी प्रत खाण्याची. बेकरी-केकचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन, ५० किंवा १०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये मिळते, कधी सोबत कॅल्शियम लॅक्टेटची पुडी असते. स्वच्छ आहे, पांढरी आहे, विरघळतेही पटकन. पद्धत शिकण्यासाठी, म्हणजे सुईची उंची, थेंबाचा वेग, हात बसणं यासाठी आम्ही हीच सुचवू. महागाचा माल हात बसवण्यात घालवू नये. पण थीसिसमधले आकडे हिच्यावर उभारू नका. खाद्य प्रतीत दाटपणा एकसारखा राहावा म्हणून साखर किंवा क्षार मिसळण्याची रीत आहे आणि त्याचं प्रमाण पाऊचवर नसतं. शिवाय सोबतचं कॅल्शियम लॅक्टेट हे कॅल्शियम क्लोराइडच्या जागी वजनास वजन वापरलं तर गडबड होते. पाण्याचे पाच रेणू धरलेल्या लॅक्टेटमध्ये कॅल्शियम सुमारे १३ टक्के, तर डायहायड्रेट क्लोराइडमध्ये २७ टक्के. अर्ध्याहून कमी कॅल्शियमवर मणी उशिरा घट्ट होणारच. सरावासाठी पाचपैकी साडेतीन, संशोधनासाठी एक.

आता कामाची प्रत: लॅबोरेटरी रिएजंट किंवा आयपी/एनएफ (भारतीय/अमेरिकी औषधसंहितेच्या) दर्जाची बाटली, सोबत त्या लॉटचं (उत्पादनाच्या त्या खेपेचं) विश्लेषण-प्रमाणपत्र, म्हणजे सीओए. किंमत खाद्य प्रतीच्या कित्येक पट. रावपुऱ्यापासून जीआयडीसीपर्यंतचे लॅब-केमिकलवाले ती सहसा मागवून देतात, त्यामुळे आज सांगून उद्या हातात येईल असं धरू नका. पैसे कशाचे द्यायचे, तर त्या कागदाचे. सीओए नसेल तर ही बाटलीही खाद्य पाऊचच्या पंगतीत बसते.

त्या कागदावर काय बघायचं, इथे थोडं थांबायला हवं.

पहिली गोष्ट व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा. ‘मीडियम व्हिस्कॉसिटी’ या शब्दाला स्वतःचा काही अर्थ नाही. एक कंपनी १ टक्का द्रावणाची देते, दुसरी २ टक्क्यांची, आणि प्रमाण दुप्पट झालं की दाटपणा दुप्पट न होता कित्येक पट होतो. तेव्हा आकड्याशेजारी टक्केवारी आणि तापमान लिहिलेलं आहे का ते बघा. तापमानाचा मुद्दा बडोद्यात फारच लागू पडतो: अल्जिनेट द्रावणाचा दाटपणा दर अंशामागे साधारण अडीच टक्क्यांनी उतरतो. मे महिन्यात एसी बंद असलेल्या लॅबमध्ये ३७ अंशांवर ब्रुकफील्ड (दाटपणा मोजायचं यंत्र) लावलंत, तर २५ अंशांच्या आकड्यापेक्षा पाव हिस्सा कमी दिसेल आणि ‘माल हलका दिला’ म्हणून दुकानदाराशी उगाच वाजेल.

दुसरी गोष्ट ‘लॉस ऑन ड्राइंग’, म्हणजे ओलावा. फार्माकोपियात (औषधसंहितेत) १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. याचा सरळ अर्थ, २ ग्रॅम पावडर १०० मिलीत टाकून तुम्ही ज्याला २ टक्के म्हणता ते प्रत्यक्षात १.७ टक्केही असू शकतं. जुलै ते सप्टेंबर उघडी राहिलेली बाटली तर आणखी ओल खेचते. उपाय सोपा आहे: पावडरचा थोडा नमुना १०५ अंशांवर चार तास ठेवून ओलावा काढा आणि वजन त्यानुसार दुरुस्त करा. ओलावा १२ टक्के निघाला तर कोरड्या २ ग्रॅमसाठी २.२७ ग्रॅम घ्या. एवढं एक केलं तरी जूनमधली बॅच आणि डिसेंबरमधली बॅच जुळू लागते.

तिसरी गोष्ट, जी कागदावर क्वचितच असते आणि सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे: जी आणि एम यांचं प्रमाण. अल्जिनेटची साखळी ग्युल्युरॉनिक (जी) आणि मॅन्युरॉनिक (एम) या दोन घटकांची. कॅल्शियम मुख्यतः जी-जीच्या सलग तुकड्यांमध्ये बसतं. दोन साखळ्यांच्या खाचांमध्ये कॅल्शियम अंड्यांच्या ट्रेमधल्या अंड्यांसारखं अडकतं, म्हणून १९७३ पासून याला ‘एग-बॉक्स’ मॉडेल म्हणतात. जी जास्त असेल तर मणी कडक, ठिसूळ आणि सच्छिद्र. एम जास्त असेल तर मऊ, लवचीक आणि जास्त फुगणारा. हे प्रमाण समुद्रशेवाळाच्या जातीवर, झाडाच्या भागावर आणि कापणीच्या हंगामावर ठरतं. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही ते बदलू शकतं. विक्रेत्याला ईमेल करून विचारा. चांगला पुरवठादार निदान ‘हाय जी’ की ‘हाय एम’ एवढं तरी सांगतो. जो ‘सर, सब एक ही है’ म्हणतो त्याच्याकडून इतर काहीही घ्या, हे घेऊ नका.

बाटली हातात आल्यावर अर्ध्या तासाची परीक्षा घ्यावी. १ ग्रॅम पावडर ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात. डिस्टिल्ड म्हणजे डिस्टिल्डच. अजवा तलावाचं नळाला येणारं पाणी असो की सोसायटीच्या बोअरचं, त्यातलं कॅल्शियम पावडरच्या कणाभोवती आधीच जेलचं कवच करतं आणि मग माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या तासन्‌तास फिरत राहतात. द्रावणाच्या एका थेंबावर आयोडीनचा थेंब टाका. निळं-जांभळं झालं तर स्टार्चची भेसळ आहे, बाटली परत. उरलेलं द्रावण कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडा, दहा मिनिटांनी एक मणी ब्लेडने कापा. आतपर्यंत सलग घट्ट हवा. मध्ये पातळ द्रव निघाला तर माल हलका आहे किंवा कॅल्शियमचं द्रावण कमजोर आहे. शेवटी काही मणी ०.१ मोलर सोडियम सायट्रेटमध्ये टाका. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी पूर्ण विरघळायला हवेत. तळाशी काही उरलं तर तो अविद्राव्य भराव.

कॅल्शियम क्लोराइडबद्दल एक गोष्ट, कारण अर्ध्या तक्रारी अल्जिनेटच्या नावावर येतात आणि मूळ इथे असतं. बाजारात ते निर्जल आणि डायहायड्रेट अशा दोन रूपांत मिळतं. रेणुभार १११ आणि १४७. निर्जलाचे २ ग्रॅम म्हणजे डायहायड्रेटचे २.६५ ग्रॅम. पेपरमध्ये ‘२ टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तुमच्या बाटलीत दुसरंच रूप असतं. मोलरमध्ये लिहा, वाद मिटतो: ०.१ मोलरसाठी लिटरला डायहायड्रेट १४.७ ग्रॅम. निर्जल दाणे ओल शोषून ओलेचिंब होतात. झाकण सैल राहिलेल्या जुन्या बाटलीचं वजन हे मुख्यतः पाण्याचं वजन असतं.

आता ही प्रत प्रत्यक्ष कामात कशी वागते. १.५ ते ३ टक्क्यांच्या पट्ट्यात मध्यम दाटपणाची लॅब प्रत चांगली चालते. पावडर एकदम ओतू नये. मॅग्नेटिक स्टररवर खड्डा पडेल एवढा वेग ठेवून चिमटीने भुरभुरावी, किंवा आधी थोड्या ग्लिसरिनमध्ये कालवून घ्यावी. औषध पाण्यात न विरघळणारं असेल तर ते बारीक करून कोरड्या पावडरीतच मिसळलं की दोघंही नीट पसरतात. मग द्रावण रात्रभर फ्रिजमध्ये. हे टाळून लगेच मणी पाडले तर हवेचे बुडबुडे आत राहतात, मणी तरंगतात आणि कुणीतरी त्याला ‘फ्लोटिंग ड्रग डिलिव्हरी’ म्हणून मोकळं होतं. खरे तरंगणारे मणी करायचे तर द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट किंवा सोडियम बायकार्बोनेट घालून आम्लात वायू सुटू द्यावा लागतो.

सुई २१ ते २४ गेजची, टोक घासून सपाट केलेली. उंची ५ ते १० सेंमी. मण्यांना शेपूट येत असेल तर थेंबाला गोल व्हायला वेळ मिळत नाही: उंची थोडी वाढवा किंवा दाटपणा कमी करा. मणी चपटे होत असतील तर ते पाण्यावर आपटताहेत: उंची कमी करा, किंवा कॅल्शियमच्या द्रावणात ट्वीन ८० या साबणासारख्या पदार्थाचे एक-दोन थेंब टाकून पृष्ठताण उतरवा. ढवळणं हळू, वेगात मणी एकमेकांना चिकटून जोडगोळ्या होतात.

घट्ट व्हायला किती वेळ द्यायचा, हा प्रश्न औषधावर सोडावा. १० ते ३० मिनिटं ही नेहमीची मर्यादा. मेटफॉर्मिनसारखं पाण्यात भरपूर विरघळणारं औषध या वेळात मण्याबाहेर पळत राहतं. ३० मिनिटं ठेवून, वर तीन-तीनदा पाण्याने धुऊन एन्ट्रॅपमेंट (मण्यात अडकून राहिलेलं औषध) मोजलं की आकडा रडका येतो आणि दोष अल्जिनेटला. वेळ कमी करा, धुणं एकदा आणि झटपट, किंवा कॅल्शियमच्या द्रावणातच तेच औषध आधी विरघळवून ठेवा म्हणजे बाहेर पळायला ओढच राहत नाही. डायक्लोफिनॅकसारख्या औषधात हा त्रास कमी. टेट्रासायक्लिन गटातली आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी फ्लुरोक्विनोलोन औषधं मात्र कॅल्शियमशीच बांधली जातात. त्यांच्यासाठी हे तंत्र मुळात निवडू नये.

वाळवणं ४० अंशांच्या ओव्हनमध्ये, काचेच्या पेट्री डिशवर किंवा टेफ्लॉन शीटवर. फिल्टर पेपरवर वाळवलेले मणी कागदासकट निघतात. २-३ मिलिमीटरचा ओला मणी वाळून साधारण १ मिलिमीटरचा कडक दाणा होतो. फ्रीज-ड्रायरमध्ये वाळवलेला मणी आकार टिकवतो पण आतून स्पंजसारखा सच्छिद्र राहतो आणि औषध लवकर सोडतो. दोन्ही पद्धतींचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवू नयेत.

औषध सोडण्याबद्दल अपेक्षा खऱ्या ठेवायला हव्यात, आणि इथे नुसत्या अल्जिनेटला आम्ही पूर्ण गुण देत नाही. आम्लात, म्हणजे पीएच १.२ ला, अल्जिनेटचे कार्बॉक्सिल गट प्रोटॉन घेतात (पीकेए, म्हणजे निम्मे गट प्रोटॉन घेतात तो पीएच, ३.४ ते ३.७च्या आसपास), जेल आकसतं आणि अल्जिनिक आम्ल होऊन बसतं. पुढे पीएच ६.८च्या फॉस्फेट बफरमध्ये सोडियम आत शिरतं, फॉस्फेट कॅल्शियम ओढतं, मणी फुगतो, मऊ होतो आणि झिजून विरघळतो. म्हणजे आम्लात थांबणं आणि आतड्यात सुटणं, असं चित्र सुंदर जमतं. पण डायक्लोफिनॅक सोडियम वापरून ‘पोटात ५ टक्केही सुटलं नाही’ असं लिहिताना आधी विचारा, हे जेलमुळे की औषध आम्लात विरघळतच नाही म्हणून? डायक्लोफिनॅक स्वतः आम्लात अविद्राव्य आहे. जेलचं श्रेय सिद्ध करायचं तर त्याच आम्लात साधी औषध-पावडर ठेवून तुलना दाखवा. हाच मणी मेटफॉर्मिन भरून आम्लात टाकला तर आकसलेल्या जेलमधूनही तो भराभर रिकामा होतो. लहान, विद्राव्य रेणूला त्या जाळीची भोकं दरवाजांएवढी आहेत. ‘१२ तास नियंत्रित’ असा दावा नुसत्या कॅल्शियम अल्जिनेटकडून करून घेऊ नये.

त्यावर स्वस्त आणि खात्रीचा उतारा म्हणजे कायटोसान. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणातच ०.२५ ते ०.५ टक्के कायटोसान (१ टक्का अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवून) मिसळलं की ऋणभारित अल्जिनेट आणि धनभारित कायटोसान यांचं कवच मण्यावर चढतं, गळती कमी होते आणि फॉस्फेट बफरमध्ये मणी लगेच वितळत नाही. कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासून होतं आणि वेरावळसारख्या बंदरामुळे गुजरातेत ते दुर्मीळ नाही. घेताना डीअ‍ॅसिटिलेशनची टक्केवारी (किती अ‍ॅसिटिल गट काढलेत ती) विचारा. कमी असेल तर आम्लातही अर्धवट फुगलेले तुकडे राहतात. गाळल्याशिवाय सुईत भरू नये. मणी आणखी कडक करायचे म्हणून ग्लुटराल्डिहाइड घालायचा मोह होतो. मग उरलेलं अल्डिहाइड मोजून दाखवायची तयारी ठेवा, नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच असेल.

डिसोल्यूशनला (औषध सुटण्याच्या चाचणीला) ९०० मिली, ३७ अंश, दोन तास ०.१ नॉर्मल आम्ल (लिटरला सुमारे ८.५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल) आणि नंतर पीएच ६.८ बफर. बास्केट (मणी ठेवायची फिरती जाळी) मिनिटाला १०० फेऱ्यांवर लावली तर दुसऱ्या टप्प्यात फुगलेले मणी जाळीला लिंपतात आणि सुटण्याचा वेग खोटाच मंदावतो. मधूनमधून बास्केट उचलून पाहावी. पॅडल ५० फेऱ्यांवर लावलं तर मणी तळाशी ढीग करून बसतात. कुठलंच निर्दोष नाही, पण अख्ख्या अभ्यासात एकच वापरा. बफरमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचा गढूळपणा येतो आणि यूव्हीवर त्याचं शोषण औषध म्हणून मोजलं जातं. ०.४५ मायक्रॉनने गाळल्याशिवाय २७६ नॅनोमीटरचा (डायक्लोफिनॅक) किंवा २३३चा (मेटफॉर्मिन) आकडा मानू नका. औषध न भरलेल्या मण्यांचा ब्लँक त्याच वेळी चालवणं हा कंटाळवाणा पण एकमेव प्रामाणिक मार्ग.

आकडे कोर्समायर-पेप्पास समीकरणात (सुटलेलं औषध वेळेच्या एन या घाताशी जोडणाऱ्या) बसवताना दोन चुका सर्रास दिसतात. एक, सगळा आलेख आत घालायचा. ते समीकरण पहिल्या ६० टक्के सुटण्यापुरतंच आहे. दोन, एनची ०.५ ही सीमा. ती पातळ फिल्मसाठी आहे. तुमचा मणी गोल आहे, त्याला फिकियन विसरणाची (औषध नुसतं पसरत बाहेर येण्याची) सीमा ०.४३ आणि केस-टू वाहतुकीची (पॉलिमरच्या फुगण्यावर चालणाऱ्या) ०.८५. एन ०.४७ आला आणि ‘फिकियन’ लिहून मोकळे झालात, तर गोलाच्या हिशेबाने तो ‘अनॉमलस’ (दोन्हींचं मिश्रण) आहे. शिवाय माध्यम मध्येच बदललेलं असताना दोन्ही टप्पे एका रेषेत बसवण्यात अर्थ नाही. दुसरा टप्पा वेगळा घ्या आणि वेळ तिथून मोजा.

अल्जिनेट सोडून शेजारच्या मालाबद्दल थोडक्यात. जामसाठी मिळणारं पेक्टिन मणी करायला चालत नाही, कारण ते हाय-मेथॉक्सी असतं आणि त्याला साखर व आम्ल लागतं. कॅल्शियमने गोठणारं लो-मेथॉक्सी वेगळं मागावं. गेलन गम उत्तम, पण ८०-९० अंशांवर विरघळवावा लागतो, म्हणजे उष्णतेने बिघडणारं औषध बाद. डोळ्यांच्या थेंबांत जागेवरच जेल होण्यासाठी मात्र तो नावाजलेला आहे, टिमोलॉलच्या थेंबांत वापरलाही जातो. ग्वार गम इथे मुबलक आणि स्वस्त. त्यावर भार नसल्यामुळे कॅल्शियमने गोठत नाही, पण मोठ्या आतड्यातले जंतू त्याला तोडतात म्हणून कोलनसाठीच्या गोळ्यांच्या आवरणात त्याचा खरा उपयोग. वास शेंगांचा येतो, तो जात नाही. आणि इसबगोल. उंझ्याचा माल मांडवीच्या कोणत्याही काष्ठौषधी-किराण्याच्या दुकानात मिळतो. भुसा दळून अल्जिनेटमध्ये १ः१ मिसळला तर मणी जास्त फुगतात आणि औषध थोडं सावकाश सुटतं, पण सुई तुंबते. १८-२० गेजची मोठी सुई आणि १०० नंबरच्या चाळणीतून गेलेलाच भुसा घ्या. स्वस्तात काही नवं करून दाखवायचं असेल तर आमची पसंती या जोडीला आहे.

किती घ्यायचं? ५० मिलीची २ टक्क्यांची बॅच म्हणजे १ ग्रॅम. थ्री-स्क्वेअर फॅक्टोरियलच्या (दोन घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या) नऊ बॅच तीन-तीनदा म्हणजे २७, काही ३ टक्क्यांच्या, म्हणून ३० ते ४० ग्रॅम. ओलावा, व्हिस्कॉसिटी, ब्लँक आणि हात बसवणं धरून आणखी २० ते ३० ग्रॅम. १०० ग्रॅमची एक बाटली पुरते, ५०० ग्रॅमची स्वस्त पडते म्हणून घेऊ नये; उरलेली दोन पावसाळ्यांत व्हिस्कॉसिटी गमावते. मात्र ती १०० ग्रॅम एकाच लॉटची असू द्या. मध्येच संपली म्हणून दुसरा लॉट आणलात तर आधीच्या सगळ्या बॅचशी तुलना तुटते. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या, सीओए फाइलला लावा, बाटली सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका. बडोद्याच्या ऑगस्टमध्ये थंड पावडरीवर दव धरायला दोन मिनिटं पुरतात.